पायरीपाशी

दुकानातल्या सगळ्यात ताकदवान लॅपटॉपवर आई धावत सुटली, समोरच्या भिंतीतून आरपार गेली आणि खाली पडायला लागली. पडतच राहिली. भिंतीपलीकडे मी काही केलेलंच नव्हतं, त्यामुळे तिला अडवायला तिथे काही नव्हतं, नुसता राखाडी रंग होता, आणि त्या राखाडीत तिचा तपकिरी स्वेटर लहान लहान होत ठिपक्याएवढा झाला, मग तोही गेला. "बघा मॅडम, काय पळतोय," माझ्या शेजारी उभे असलेले दुकानातले टायवाले विक्रेते म्हणाले. ते लॅपटॉपबद्दल बोलत होते. मी म्हटलं, हो, पळतोय खरा. मला काही वाटलं नाही. उजव्या हाताची बोटं तेवढी कळफलकावर तशीच राहिली होती, बाण दाबलेल्या अवस्थेत, आणि ती उचलायची हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

ही आई म्हणजे माझ्या गेममधली आई. नोकरीत असताना मी दुसऱ्यांच्या गेमसाठी दारं उघडायची, लिफ्ट वर न्यायची, हजार शत्रूंना एकाच वेळी मरायला शिकवायची. पण हा गेम माझा एकटीचा होता. त्यात शत्रू नाहीत, गुण नाहीत, हरणं-जिंकणं नाही. एक म्हातारी होऊ घातलेली बाई आपल्या घरातून निघते, जिन्याने एकेक मजला चढत गच्चीवर जाते. वाटेत खोल्या लागतात. खोल्यांत वस्तू असतात. तिने त्यांना हात लावला की त्या काहीतरी आठवतात. इतकंच. आईचं कंबरेचं हाड मोडलं आणि ती आमच्या बैठकीच्या खोलीत पलंगावर आली, त्या दिवसांत मी हे सुरू केलं, तिच्या उशापाशी खुर्ची ओढून, जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन. तो इतका तापायचा की आई म्हणायची, मला गरम पाण्याच्या पिशवीऐवजी हाच दे. हाड जुळलं, आई उठली, काठी न घेता चालायला लागली, पण चाल बदलली ती बदललीच. आणि पुढे ती गेली ती त्या हाडाने नव्हे, भलत्याच कशाने, एका दुपारी, मी पाच महिन्यांची पोटुशी असताना. तेव्हा घरात जमलेल्या बायकांपैकी निम्म्या म्हणत होत्या रडून घे, पोटातल्या जिवावर ताण नको, आणि निम्म्या म्हणत होत्या रडू नकोस, पोटातल्या जिवाला त्रास होईल. मी दोन्हीकडचं ऐकत बसले. रडायचं की नाही हे त्यांचं ठरेपर्यंत मला झोप लागली. नंतर बाळ झालं, आणि मग कोणाला विचारायला सवडच राहिली नाही.

टायवाले म्हणाले, काही तरी अडचण आहे का मॅडम, तुमचा गेम बंद पडला वाटतं. मी म्हटलं, गेममध्येच चूक आहे, मशीन चांगलं आहे. ते खूश झाले. त्यांनी मला पुन्हा एकदा ग्राफिक्स कार्डाचं नाव सांगितलं, मेमरी सांगितली, मागच्या बाजूची जाळी दाखवून दोन्ही पंखे कसे स्वतंत्र फिरतात ते सांगितलं. मी जाळीवर हात धरला. गार हवा येत होती. आमचा जुना लॅपटॉप गरम श्वास सोडायचा. गेल्या आठवड्यात त्याची बॅटरी फुगली. आधी स्पेसबार वर आला, मग सगळा कळफलकच भाकरी फुगावी तसा मधून फुगला, आणि नवऱ्याने तो चिमट्याने धरावा तसा उचलून बाल्कनीत पत्र्याच्या डब्यात नेऊन ठेवला. म्हणाला, आता याला हात लावायचा नाही, फुटला तर घर जाईल. एक प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून बरं. तो पेनड्राइव्ह मी बाळाच्या लंगोटांच्या पिशवीत ठेवते, कारण घरात ती एकच वस्तू कधी हरवत नाही.

त्याच आठवड्यात मोठीचा फोन यावा हाही योगच. मोठी म्हणजे माझी जुनी साहेबीण. ऑफिसात तिला सगळे मोठीच म्हणायचे, ती सगळ्यांत बुटकी असल्यामुळे. तिने आता स्वतःचा छोटा स्टुडिओ काढलाय. मी कधीतरी गेमचा तुकडा चित्रित करून तिला पाठवला होता, तो तिने आता पाहिला. म्हणाली, ही बाई जशी चालते ना, तशी चाल मी कुठल्याच गेममध्ये बघितली नाही; पायरीपाशी थांबते ते काय आहे, काळजाला लागतं ते. घरून काम कर, पाहिजे तेव्हा कर, पण मशीन तुझं तू घ्यायचं, आणि थातुरमातुर घेऊ नकोस. सोमवारी येऊन गेम आमच्या मशीनवर लावून दाखव, मला बाकीच्यांना ती चाल दाखवायचीय. मी हो म्हटलं. तिने आग्रह केला नाही. तिच्याकडे आणखी एक जण रांगेत होता हे तिने सांगितलं नाही तरी तिच्या आवाजात होतं. बाळंतपणानंतर घरी बसलेल्या बाईला लोक एकदा विचारतात. दुसऱ्यांदा विचारतात ते फक्त 'मग, सध्या काय चाललंय?' एवढंच.

आणि मोठीची मशिनं या मशीनपेक्षाही दांडगी असणार. सोमवारी तिथे सगळ्यांसमोर आई धावत सुटणार, भिंतीतून जाणार, पडणार. चूक काय झाली ते मला पहिल्या क्षणीच कळलं होतं. गेम म्हणजे भराभर काढलेली चित्रं. मी आईचं पाऊल चित्राला बांधलं होतं: दर चित्राला ती एवढीएवढी पुढे. जुना लॅपटॉप बिचारा धापा टाकत थोडी चित्रं काढायचा, म्हणून आई हळू चालायची. हा काढत होता धबाधबा. ऑफिसात नवीन पोरांनी हे केलं की मीच त्यांना फैलावर घ्यायची. पाऊल चित्राला बांधू नका रे, वेळेला बांधा, मशीन बदललं तरी वेळ बदलत नाही. पण आईच्या उशाशी बसून लिहिताना घाई असायची, हाक यायची, नंतर करू म्हणून ठेवून दिलं, आणि नंतर त्याच लॅपटॉपवर महिनोन्महिने आकडे जुळवत बसले, ती अगदी आईसारखी चालेपर्यंत. म्हणजे आईचा वेग मी कुठेच लिहिलेला नव्हता. तो त्या मशीनच्या दमण्यात होता.

ही चूक दुरुस्त होते. माझ्यासारखीला एका बैठकीत, बाळ झोपलं तर. तरी मी टायवाल्यांना म्हटलं, याच्या खालचा दाखवा.

त्यांना वाटलं किमतीमुळे. म्हणाले, हप्ते करून देतो. मी म्हटलं, नको, खालचाच बघते. खालच्यावर आई थोडी कमी धावली, भिंतीपाशी थडकली, आरपार गेली नाही. मी म्हटलं, आणखी खालचा. आता त्यांच्या चेहऱ्यावर एक काळजी आली, डॉक्टरच्या चेहऱ्यावर येते तशी. प्रत्येक मशीनवर पेनड्राइव्ह लावायचा, गेम सुरू होईपर्यंत उभं राहायचं, आई उंबऱ्याशी उभी दिसली की बाण दाबायचा. एकावर ती शाळेला उशीर झाल्यासारखी गेली. एकावर तरुणपणी चालत असेल तशी, ठेक्यात, मी तिला तशी कधी पाहिलेली नाही. मी जन्मले तेव्हाच ती दमलेली होती असं बाबा म्हणतात. मला हेही पाहून काही वाटलं नाही, म्हणजे वाटायला हवं हे दिसत होतं, काचेपलीकडे दिसावं तसं. टायवाले म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? लोक हळू चालतो म्हणून लॅपटॉप बदलायला येतात. तुम्ही हळू चालणारा शोधताय का?" मी म्हटलं, थोडंसं तसंच. ते म्हणाले, मग घरचा काय वाईट होता. मी सांगितलं, फुगला.

सगळ्यात स्वस्त लॅपटॉप खालच्या भागात होते, प्रिंटरांच्या शेजारी. दुकानाचे दोन भाग होते. खाली साधा माल, आणि दोन-चार रुंद पायऱ्या चढून वर भारीतला. सकाळी येताना त्याच पायऱ्यांवर मी बाबांवर चिडले होते. बाबा बाळाला सांभाळायला म्हणून आले होते. बाळाला ते 'साहेब' म्हणतात, मुलगी असली तरी. साहेब जागे झाले, साहेबांचा मूड नाही, साहेबांनी फाइल ओली केली. तर साहेबांना उजव्या खांद्यावर घेऊन बाबा पायरीपाशी आले आणि थांबले. एक पायरी चढले, थांबले. मागे एक जोडपं खोळंबलं, त्यांच्या हातातलं खोकं बाबांच्या पाठीला लागलं. मी वरून म्हटलं, बाबा, चला ना पटकन. ते म्हणाले, हो हो, आलो. आणि पुढच्या पायरीला पुन्हा थांबले. हे त्यांचं आता सगळीकडेच चालतं. बँकेत, दवाखान्यात, आमच्या इमारतीच्या जिन्यात. नवरा म्हणतो, गुडघे दाखवून घ्या. बाबा म्हणतात, गुडघ्यांना काय झालंय, धडधाकट आहेत. आणि खरंच, घरात बाळामागे रांगताना त्या गुडघ्यांचं काही दुखत नाही. मग वर पोचल्यावर त्यांना गारठा लागायला लागला, म्हणून ते साहेबांना घेऊन पुन्हा खाली जाऊन प्रिंटरपाशी स्टुलावर बसले होते.

मी खाली आले तेव्हा बाळ एका प्रिंटरच्या उघड्या तोंडात हात घालून बघत होतं आणि बाबा त्याला हळू आवाजात सांगत होते, इथून कागद येतो बरं का, आपण कागद खायचा नाही. कोपऱ्यातला लॅपटॉप शाळकरी मुलांसाठीचा होता, निळ्या झाकणाचा. त्यावर गेम सुरू व्हायलाच इतका वेळ लागला की टायवाले दोनदा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाऊन आले. मग पडदा उजळला. आमची बैठकीची खोली. पलंग, खुर्ची, खिडकीतला उजेड. उंबऱ्याशी आई. मी बाण दाबला.

ती चालली. तिच्या वेगाने. डावा पाय किंचित बाहेर टाकत, खांदा आधी आणि कंबर मागून, खोलीतून ओसरीत, ओसरीतून जिन्याकडे. स्वेटरची बाही तशीच हलली. मी वाट बघत होते. जिना आला, पहिली पायरी आली, आणि ती चढली. दुसरी आली, चढली. थांबली नाही. मी तिला परत खाली आणलं, पुन्हा चढवलं. सरळ चढली, गुळगुळीत, कोणीतरी दुसरी बाई आईचे कपडे घालून चढावी तशी.

ते थांबणंही मी लिहिलेलं नव्हतं. पायरीपाशी पुढचा मजला आत घ्यायची सोय मी केली होती, आणि जुन्या लॅपटॉपच्या पोटात फिरणारी तबकडी होती, जुन्या तऱ्हेची हार्ड डिस्क; मजला आत घेताना ती घर्र करायची, चित्र गोठायचं, मग आई पाय उचलायची. दर पायरीला मजल्याचा एकेक तुकडा, दर पायरीला घर्र. या निळ्या झाकणाच्या स्वस्तातल्या मशीनमध्येसुद्धा आता तबकडी नसते. कशातच नसते. आईने स्वतः हा गेम पाहिला होता. मी तिच्या मांडीवर लॅपटॉप ठेवला, ती बाण दाबत जिन्यापाशी गेली, चित्र थांबलं, मग पाऊल पडलं, आणि ती हसली. म्हणाली, अगदी मीच गं. आधी पायरीशी बोलते, मग पाय टाकते. किती बारीक लक्ष असतं तुझं. मी म्हटलं, असतंच. मला तेव्हा खरंच वाटलं की ते मी केलंय.

आणि मोठी म्हणत होती, काळजाला लागतं ते.

मी निळ्या लॅपटॉपसमोर उभी राहून आई पायरीपाशी किती वेळ थांबायची ते आठवायचा प्रयत्न केला. खरी आई. आमच्या जिन्यात. मी डोळे मिटले. घर्र एवढाच आवाज आला. तिचा हात कठड्यावर असायचा की भिंतीवर? ती खाली बघायची की वर? मी रोज पुढे धावत जाऊन दार उघडायची, कुलूप काढायची, पंखा लावायची. माझ्याकडे तिचा चढतानाचा आवाज आहे, चढणं नाही. ती गेल्यानंतर बाळाला मांडीवर घेऊन मी जुन्या लॅपटॉपवर तो जिना कितीदा तरी चढले होते. एकदा दूध पिता पिता बाळाची टाच स्पेसबारवर पडली आणि आईने टुणकन उडी मारली. उडीची सोय काढायची राहूनच गेली होती. मोडक्या कंबरेची आई पायरीवर टुणटुण उडत होती आणि मी हसत होते, हसण्याने बाळाला हिसके बसले, ते चिडलं. इतकं हसले, पण डोळ्यांतून पाणी काही आलं नाही. आणि त्या सगळ्या वेळात मी जे बघत होते ते एका जुन्या मशीनचं धापा टाकणं होतं. तो फुगून बाल्कनीत पडलाय. तो सुरू करायचा नाही. हात लावायचा नाही.

मला वाटलं, हा निळाच घ्यावा. निदान वेग तरी आहे. टायवाले परत आले, त्यांनी माझ्या चेहऱ्यावर ते वाचलं असावं, कारण त्यांनी आवाज खाली आणला, घरच्या माणसाशी बोलावं तसा. "मॅडम, माझं कमिशन जाऊ दे. पण यावर गेम बनत नाही. यावर गेम बनवणारं सॉफ्टवेअर उघडेपर्यंत तुमचं बाळ शाळेत जाईल." मी म्हटलं, माहितीये. ते म्हणाले, मग? खरं तर उत्तर होतं, पण ते एवढं सगळं सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात बाळाने रडायचा सूर धरला. भुकेचा नव्हे, कंटाळ्याचा. आता मला दोन्ही ओळखू येतात. बाबा उठले. चला साहेब, वर मोठ्या मशिनी आहेत, बघून येऊ. त्यांनी बाळाला उजव्या खांद्यावर घेतलं आणि पायऱ्यांकडे गेले, मी पाठमोरी त्यांच्याकडे बघत राहिले, पाठमोरी म्हणजे ते पाठमोरे. मी जागच्या जागी. पहिल्या पायरीपाशी ते थांबले. त्यांचा डावा हात अंगापासून थोडा सुटला. कोपर वाकलं, बाहेर आलं, इतकंच की कोणालातरी त्यात हात घालता यावा. मान डावीकडे किंचित खाली वळली. तिथे कोणी नव्हतं. प्रिंटरच्या शाईच्या डब्यांची मांडणी होती. ते तसेच उभे राहिले, घाई न करता, एक पाय आधी वर ठेवून, आणि मग त्या रिकाम्या कोपराला ओझं आल्यासारखा त्यांचा डावा खांदा जरासा उतरला, आणि ते चढले. पुढच्या पायरीला पुन्हा. कोपर. मान. वाट. खांदा. एक गिऱ्हाईक त्यांना वळसा घालून गेलं. त्यांना ते कळलंही नाही. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाले असते, गुडघे धडधाकट आहेत.

मी पुढे धावायची तेव्हा मागे आई-बाबा असे चढत होते, इतकी वर्षं.

मी पेनड्राइव्ह काढून घेतला. त्यांच्या मागोमाग वर गेले, पण मधे आले नाही. पहिल्या, सगळ्यात ताकदवान लॅपटॉपसमोर जाऊन उभी राहिले. तो मघाचाच, दोन पंख्यांचा. गार. हा माझ्यासाठी स्वतःहून काहीच करणार नव्हता. दमणार नव्हता, अडखळणार नव्हता. आईने थांबायचं असेल तर कुठे, किती, कोणाकडे बघून, हे सगळं मलाच सांगावं लागणार होतं, आणि एकदा सांगितलं की ते कुठल्याही मशीनवर तसंच राहणार होतं, मोठीच्या ऑफिसात, सोमवारी, आणि त्यानंतरही. आणि आईच्या उजव्या बाजूला आणखी एक जण लागणार होता. त्याला तर मी गेममध्ये घेतलंच नव्हतं. ती एकटी चढत होती.

"बाबा," मी म्हटलं, "परत एकदा खाली जाऊन वर या ना."

"का गं?"

"साहेबांना जिना आवडला."

"आवडणारच. अधिकारी माणूस," बाबा म्हणाले, आणि वळले. उतरतानाही ते थांबत होते. उतरताना कोपर जास्त बाहेर यायचं. उतरताना तिला भीती वाटायची, हे मला त्यांच्या कोपरावरून कळलं. ते खाली पोचले, फिरले, चढायला लागले. मी कळफलकावर बोट ठेवलं आणि ते थांबले की टेकवायची, चढले की उचलायची. टेकवायची, उचलायची. आकडा मनात धरत नव्हते, बोटात धरत होते, अंगाई म्हणताना थोपटण्याचा ठेका धरतात तसा. बाळ त्यांच्या खांद्यावर शांत होतं, माझ्याकडे बघत होतं, रडत नव्हतं, मागत नव्हतं, आणि तरी माझ्या छातीत ती ओळखीची कळ आली. पान्हा फुटला. पुढून सदरा ओला झाला, मग ओढणीही, थांबेना. मी ओढणी पुढे ओढून घेतली. टायवाले दुसरीकडे बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, हाच द्या, हा दोन पंख्यांचा. ते काही न विचारता खोकं आणायला गेले.

बाबा वर येऊन थांबले होते, हात अजून तसाच अर्धवट सुटलेला. "झालं का साहेबांचं? की उतरू परत?"

"एकदाच आणखी," मी म्हटलं. "आणि बाबा, सावकाश. मागे कोणी नाही."